तक्ता घरी ठेवून या

आमच्या फ्रिजच्या दारावर चार महिने मोडी मुळाक्षरांचा तक्ता चिकटवलेला होता. स्वर हिरव्या शाईत, व्यंजने काळ्या शाईत आणि काना लागताच ज्यांचे रूप पालटते ती अक्षरे लाल शाईत, अशी मांडणी मी एका रविवारी सगळी दुपार खर्चून केली होती. दूध काढताना, भाजी ठेवताना, रात्री पाण्याची बाटली घेताना नजर त्यावरून फिरे आणि दर वेळी मनाला समाधान वाटे की चला, येऊ लागले आहे. वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सरांनी पेशवेकालीन पत्राची एक झेरॉक्स प्रत प्रत्येकाच्या हातात ठेवली आणि पहिली ओळ वाचायला सांगितली. मला त्या ओळीतली चार अक्षरे ओळखता आली, आणि त्यांतल्या चौथ्याबद्दल खात्री नव्हती.

मोडी शिकायचे कारण घरगुती होते. माझ्या माहेरी, वाईजवळच्या घरात, १८९१ सालचे एक गहाणखत आहे. ते घरातल्या कोणालाही वाचता येत नव्हते आणि तरीही पिढ्यान्पिढ्या ते ‘महत्त्वाचा कागद’ म्हणून कपाटात जपले गेले. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांचा एकाएकी तुटवडा जाणवू लागला. पुण्यातले मोडीचे वर्ग तेव्हा भरून वाहू लागले. मी त्या गर्दीतलीच एक, बँकेतल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर पन्नाशी ओलांडून पुन्हा बाकावर बसलेली.

मी शिकायला बसले ती एक पक्की समजूत घेऊनच. ‘मला बघितलं की लक्षात राहतं’ हे वाक्य मी इतकी वर्षे म्हणत आले होते की त्याची तपासणी करावी असे कधी मनातच आले नाही. शाळेत भूगोलाचे नकाशे मला चटकन येत, इतिहासाच्या सनावळ्या येत नसत, एवढाच काय तो त्याचा पुरावा. पुढे नोकरीत एका प्रशिक्षणाच्या पहिल्याच सत्रात आम्हांला एक प्रश्नावली भरायला दिली. कोणी पत्ता विचारला तर तुम्ही नकाशा काढून द्याल, तोंडी सांगाल, लिहून द्याल की सोबत चालू लागाल, अशा धाटणीचे प्रश्न होते. गुणांची बेरीज झाली आणि मी ‘दृश्य’ गटात निघाले. माझ्या शेजारची सहकारी ‘श्राव्य’ निघाली. आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत त्यावर इतक्या रंगून बोललो की राशिभविष्य वाचूनही बायका इतक्या रंगणार नाहीत. मनात असलेल्या समजुतीवर अशी कागदी मोहोर उमटली की ती समजूत राहत नाही, ओळख होऊन बसते.

त्या प्रश्नावलीचे मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. नील फ्लेमिंग हे तिथे शाळा तपासनीस होते. काही उत्तम शिक्षकांच्या वर्गातही ठरावीक मुले मागे राहतात आणि काही सुमार शिक्षकांच्या वर्गातही ठरावीक मुले पुढे जातात, हे त्यांना वर्षानुवर्षे दिसत होते आणि त्याचे कोडे पडले होते. पुढे लिंकन विद्यापीठात काम करताना, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि हाताने करणे अशा चार आवडींची प्रश्नावली बनवली. निरीक्षण खरे होते आणि कोडेही खरे होते. मात्र आवड आणि परिणाम यांच्यातले अंतर पुढच्या लोकांनी फारच सहज पुसून टाकले, आणि प्रत्येकाची शिकण्याची एक ‘शैली’ असते, तिच्याप्रमाणे शिकवले तर तो अधिक शिकतो, असा दावा रूढ झाला. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचे उपलब्ध संशोधन चाळले, तेव्हा त्यांनी एक साधी अट घातली. शैलीचा दावा खरा ठरायचा असेल तर ‘दृश्य’ माणसांना चित्रांनी शिकवल्यावर आणि ‘श्राव्य’ माणसांना बोलून शिकवल्यावर एकाच परीक्षेत जास्त गुण मिळाले पाहिजेत, आणि हीच जोडी उलटी केली की ते घसरले पाहिजेत. ही अट पाळणारे प्रयोग त्यांना फारच थोडे आढळले आणि त्यांतलेही बरेच दाव्याच्या उलट बोलणारे होते. शैली तपासून त्याप्रमाणे शिकवावे, याला पुरेसा आधार नाही असा त्यांनी निष्कर्ष काढला. हे सगळे मला फार उशिरा कळले, तोपर्यंत तक्ता फ्रिजवर लागून गेला होता.

मोडीचा तक्ता विशेष फसवा असतो. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे संगणकावर सुबक, एकसारखी, सुटी सुटी अक्षरे छापता येतात. पण मोडी ही सुटी लिपीच नाही. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही या हट्टापायी काना खालून वर जातो, एक अक्षर पुढच्यात मिसळते, ‘र’ तर शेजाऱ्याप्रमाणे वेष पालटतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, आणि सर्वांत कठीण म्हणजे दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. त्यात भर म्हणून ‘साष्टांग’चा ‘सा।’ आणि ‘राजश्री’चा ‘रा।’ अशी संक्षेपांची रेलचेल. कारकुनाला दिवसाकाठी ढीगभर कागद उरकायचे असत, पावणेतीनशे वर्षांनी कोणी फ्रिजसमोर उभे राहून ते वाचेल याची काळजी त्याने का करावी?

सरांनी त्या दिवशी कोणालाच रागावले नाही. जाता जाता दाराशी उभे राहून एवढेच म्हणाले, “पुढच्या रविवारपासून तक्ता घरी ठेवून या.” मला ते अन्यायाचे वाटले. तक्ता माझ्या पद्धतीचा होता आणि माझी पद्धत प्रमाणित होती.

पुढच्या रविवारी तक्त्याशिवाय बसल्यावर जे झाले ते लाजिरवाणे होते. मला ‘ज’ आठवायचा असेल तर मनातल्या मनात ‘क’पासून सुरुवात करून रंगीत ओळ डोळ्यांसमोर आणावी लागे आणि ‘च छ’ ओलांडल्यावर तो हाती लागे. म्हणजे मला अक्षरे येत नव्हती, अक्षरांची रांग येत होती. लहानपणी एखाद्याला ‘सात आठे किती’ असे अचानक विचारले की तो ‘सात एके सात’पासून धावत सुटतो, तसा हा प्रकार. आपल्याकडच्या वेदपाठी परंपरेने हा धोका फार पूर्वी ओळखलेला असावा, असे मला त्या दिवशी वाटले. क्रमपाठात शब्द एक-दोन, दोन-तीन, तीन-चार असे जोडीने म्हणतात, जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन अशी वीण घालतात, आणि घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे पुढे-मागे जातात. मुख्य हेतू पाठ शुद्ध राखण्याचा, हे खरेच. तरी ज्याला शब्द उलटा फिरवूनही ओळखता येतो त्याचे पाठांतर केवळ ओघावर तरंगत नसते, हेही तितकेच खरे.

सरांची युक्ती साधी होती. एक ओळ पाहायची, कागद पालथा घालायचा, कोऱ्या पानावर आठवेल तशी लिहायची, मग ताडून पाहायचे. पहिल्या दिवशी अर्धी ओळ चुकली. दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तितकीच चुकली आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगितले की ही पद्धत माझ्यासाठी नाही. तक्त्याकडे बघताना कसे छान वाटत असे, इथे प्रत्येक मिनिटाला आपण अडाणी आहोत हे सिद्ध होत होते.

या ‘छान वाटण्या’ची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याभराने घेतलेल्या चाचणीत चित्र उलटले, वाचणारे ४२ वर आले आणि लिहिणारे ५६ वर राहिले. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातला आठवड्यानंतरचा आकडा महत्त्वाचा वाटतोच, पण त्याहून अधिक पाच मिनिटांचा वाटतो, कारण आपली ‘शैली’ आपण नेमकी त्या पाच मिनिटांत ठरवतो. ज्याने लगेच बरे वाटते ते आपले, असे म्हणून मोकळे होतो. बँकेत संगणकीकरण झाले तेव्हाही मी नव्या प्रणालीची जाडजूड पुस्तिका पिवळ्या पेनाने रंगवून काढली होती, आणि काउंटरवर पेन्शनरांची रांग उभी राहिली तेव्हा एकही पडदा मला वेळेवर सापडला नव्हता. त्या रांगेने मला आठ दिवसांत जे शिकवले त्याचे श्रेय मी नंतरही पुस्तिकेलाच देत राहिले.

आई त्या काळात आमच्याकडे राहायला आली होती. तिचे वय एक्क्याऐंशी. एका संध्याकाळी ती समोर मेथी निवडत बसली होती आणि मी वर्गातले पत्र घेऊन एकेक अक्षर मोठ्याने लावत होते: “ये… थी… ल… कु… श… ल… जा… णो… न…” मी ‘लकुश’ असा काही शब्द असेल का या विचारात अडकले असताना तिने मान वर न करता म्हटले, “अगं, ‘येथील कुशल जाणोन’! पुढे ‘स्वकीय कुशल लिहीत जावे’ असणार. आमचे आजोबा अशीच सुरुवात करायचे पत्राची.” मी पुढची अक्षरे पाहिली आणि ती तंतोतंत तीच होती. क्षणभर मला वाटले की हिची शैली ‘श्राव्य’ आहे. मग लक्षात आले की तिच्या कानाला माझ्यापेक्षा अधिक काही ऐकू आलेले नव्हते. तिच्याजवळ ते वाक्य आधीपासून होते, माझ्याजवळ नव्हते, फरक एवढाच.

हीच गोष्ट मला वर्गात भाऊसाहेबांच्या बाबतीत रोज दिसत होती. ते निवृत्त तलाठी, त्यामुळे वर्गातही सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. पेशव्यांच्या पत्रापुढे ते माझ्याइतकेच हताश होत. गहाणखत किंवा खरेदीखत समोर आले की मात्र त्यांचे बोट ओळीवरून घरंगळत जाई. चतुःसीमा आली की पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस वाट, अशी त्यांची वाणी कागदाच्या अर्धा हात पुढे धावे आणि डोळे मागून येऊन फक्त खात्री करून घेत. कोणी त्यांची प्रश्नावली भरून घेतली असती तर ते ‘हाताने करून शिकणारे’ निघाले असते, कारण बोलताना ते सारखे हवेत मोजणीची साखळी टाकत असतात. त्यांच्या वेगाचे कारण मात्र हातात नव्हते, चाळीस वर्षे पाहिलेल्या सात-बाऱ्यांत होते. आपण ज्याला स्वभावधर्म समजतो ती पुष्कळदा नुसती जुनी शिल्लक असते.

मग शैली असे काहीच नसते का, या प्रश्नाशी मी बराच काळ अडखळले, आणि याचे मला मिळालेले उत्तर मोडीतल्या तारखांनी दिले. पेशवेकालीन कागदात त्या काळच्या कालगणनेचा शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नव्हे, अरबी संख्यावाचक शब्दांत, तोही एककापासून उलटा लिहिलेला. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७७, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६ हाती लागते, आणि वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास बदलत असल्याने कधी ६०० मिळवावे लागतात. हे शब्द मी पुन्हा पुन्हा लिहिले, तरी ‘सीत’ आणि ‘सबा’ माझ्याजवळ टिकेनात. शेवटी आईने लहानपणी पावकी-निमकी म्हणून घेतली होती त्या चालीवर ते म्हणायला सुरुवात केली. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. पोळ्या लाटताना म्हटले, बसमध्ये पुटपुटले, आणि चार दिवसांत ते तोंडी बसले. प्रश्नावलीत ‘दृश्य’ निघालेल्या बाईला अक्षरे हाताने आली, मायने आईच्या कानाने आले आणि अंक जिभेने आले. डोळ्यांच्या वाट्याला आला तो फक्त सरांनी दाखवलेला एक कागद, ज्यात एकाच कारकुनाने काढलेले ‘र’चे सात अवतार लाल पेन्सिलीने गोल केलेले होते. तिथे बघण्याला पर्याय नव्हता, कारण शिकायची गोष्टच आकाराची होती. पद्धत माणसाप्रमाणे बदलते त्याहून कितीतरी अधिक ती विषयाप्रमाणे बदलते, असे माझे मत आता बनले आहे.

तरीही काहीतरी खास माझे आहेच, आणि ते मला चुकांच्या वहीत सापडले. सरांच्या सांगण्यावरून मी एक वही घातली होती. डावीकडे मी काय वाचले, उजवीकडे खरे काय होते. साठ-सत्तर नोंदी झाल्यावर एका रात्री ती सलग वाचली आणि स्वतःचीच ओळख पटली. माझ्या निम्म्याहून अधिक चुका अक्षर न ओळखल्याच्या नव्हत्याच. पहिली दोन अक्षरे दिसली की मी शब्द ठोकून मोकळी होत होते. ‘कारणे’ला ‘कारभारी’, ‘पावले’ला ‘पाठविले’. अर्थाची घाई हा माझा दोष, आणि वाचनाची सवय असलेल्या माणसाला तो जडतोच. भाऊसाहेबांची वही मी मागून घेतली, तर ती अगदी उलटी निघाली. त्यांची अक्षरे बरोबर, पण शब्द तोडण्याची जागा चुकलेली, कारण अर्थ लागेपर्यंत ते थांबतच नाहीत, पुढचे अक्षर घेतात. तेव्हापासून आम्ही शेजारी बसू लागलो. मी शब्द उच्चारला की ते बोट ठेवून म्हणतात, “ताई, तिसरं अक्षर दाखवा.” मला या वाक्याचा फार राग येतो, आणि माझ्या मोडीत जी काही सुधारणा झाली तिच्यातला मोठा वाटा या वाक्याचा आहे.

स्वतःवर असा डोळा ठेवण्याची परंपराही जुनी आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्मरणाचे पहिले पद्धतशीर प्रयोग एकाच माणसावर केले, स्वतःवर. अर्थ नसलेली अक्षरजोडणी पाठ करायची, काळ जाऊ द्यायचा, पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असे करत त्याने १८८५ मध्ये आपले निष्कर्ष छापले. त्यात एक नोंद अशी आहे की आदल्या दिवशी एकदम केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले तेच आधीच्या तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीही साधले. मी ही नोंद वाचली आणि रविवारचा तीन तासांचा रियाझ मोडून रोजचे पंचवीस मिनिटे केले, सकाळी चहानंतर, डबे भरण्यापूर्वी. सकाळ मला मानवते, रात्री मी नुसती कागदाकडे बघत बसते. आवडीनिवडीचा भाग म्हणावा तर तो एवढाच, आणि तो कळायला कोणतीही प्रश्नावली लागली नाही, दोन आठवडे चुका मोजाव्या लागल्या.

तक्ता जूनमध्ये काढला. फ्रिजला रंग गेलेले चार चौकोन राहिले आहेत आणि त्यावरून घरात मला अजून ऐकून घ्यावे लागते.

माहेरचे गहाणखत आता बहुतेक वाचून झाले आहे. रक्कम कळली, व्याज कळले, साक्षीदारांची नावे लागली. कागदाचा महत्त्वाचेपणा मात्र बराच उतरला, कारण कर्ज १८९४ मध्येच फिटल्याचा शेरा मागच्या बाजूला आहे आणि एकशेतीस वर्षे तो कोणी वाचला नव्हता. अडले आहे ते चौथ्या ओळीतल्या एका गावाच्या नावावर. तिथे कसर लागून अक्षरांचा खालचा भाग खाल्ला गेला आहे. मी पहिल्या दिवशीच ‘पसरणी’ म्हणून टाकले, कारण आमचे नातेवाईक तिथले. भाऊसाहेब म्हणतात ‘परखंदी’, कारण चतुःसीमेतला ओढा त्यांच्या हिशेबाने तिकडेच बसतो. भांडण सगळे दुसऱ्या अक्षरावर आहे, तो ‘स’ की ‘र’. आई म्हणते दोन्ही गावांत आपले कोणी ना कोणी होतेच, तेव्हा तिचाही उपयोग नाही. येत्या रविवारी भाऊसाहेब जुना गावनकाशा घेऊन येणार आहेत, आणि मी त्याच कारकुनाने त्याच कागदात काढलेले सगळे ‘र’ एका पानावर उतरवून ठेवले आहेत. आतापर्यंत एकोणीस झाले, मागची बाजू अजून बाकी आहे.